ट्यून-अप केलं आणि गाडी आयडलला थरथरू लागली: दोष शोधायचा कसा

गाडी आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून उभी, आणि स्टिअरिंग थरथरतंय, आरपीएमची सुई एका जागी ठरत नाही, सायलेन्सरमधून मधूनच ‘फट’ असा आवाज येतोय. आणि हे सगळं कधी, तर नवे प्लग, नवे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), नवे फिल्टर टाकून, म्हणजे ट्यून-अप करून झाल्यावर. कालपर्यंत हीच गाडी, जुनी असूनही, उभ्या जागी शांत चालत होती.

जुन्या गाडीचं काम स्वतः शिकू पाहणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते, आणि तेव्हा खरंच वाईट वाटतं. मेहनत करून गाडी बिघडवली असं वाटत राहतं. पण या दोषाची एक चांगली बाजू आहे. हळूहळू झिजून आलेल्या बिघाडाची सुरुवात कुणाला सांगता येत नाही; ट्यून-अपनंतर आलेल्या बिघाडाची वेळ मात्र तुम्हाला पक्की ठाऊक असते. काल ठीक होती, आज नाही, आणि मध्ये कुठे कुठे हात लागला हेही माहीत आहे. म्हणजे दोष बहुतेक वेळा हात लागलेल्या जागीच असतो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच एका धाग्याने बांधलेल्या आहेत.

सुरुवातीलाच एक विनंती: कार्बोरेटरच्या स्क्रूला अजून हात लावू नका. थरथर सुरू झाली की हात आधी तिकडेच जातो. मग मूळ दोष तसाच राहतो, त्यावर हवा-पेट्रोलच्या चुकीच्या मिश्रणाचा दुसरा दोष बसतो, आणि एकाचे दोन झालेले दोष सोडवणं फार अवघड असतं.

आधी कागदावर लिहून काढा

इंजिन उघडण्याआधी पाच मिनिटं बसा आणि काय काय केलं ते क्रमाने लिहा. प्लग बदलले. त्यासाठी वायरी काढल्या. एअर फिल्टरचा डबा उतरवला. पॉइंट बदलले, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग) थोडा फिरवला. पेट्रोल फिल्टर बदलला. बॅटरीची तार काढली होती का? टॅपेट केले होते का, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवली होती का? काम दुसऱ्याने केलं असेल तर त्याच्याकडून यादी घ्या. जुने सुटे भाग फेकू नका. नवा भागच खराब निघणं ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही, आणि तेव्हा जुना भाग परत लावून पाहणं ही सर्वांत खात्रीची तपासणी ठरते.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदललं की इंजिन सुरू करा, ऐका, फरक लिहा, मगच पुढचं.

जीव सांभाळून

गाडी उघड्या जागी उभी करा. बंद जागेत सायलेन्सरचा धूर जीव घेऊ शकतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडथळा. घड्याळ, सैल बाह्या, ओढणी, लांब केस पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या वायरीत तीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असू शकतो, त्यामुळे चालू इंजिनच्या वायरी उघड्या हाताने धरू नका. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने या कामापासून लांबच राहावं. अग्निशामक डबा हाताशी ठेवा.

मग कान लावा

आता इंजिन सुरू करून चांगलं गरम होऊ द्या. थंड इंजिन चोकवर चालतं, त्यामुळे तेव्हाच्या थरथरीवरून काही निष्कर्ष काढता येत नाही. गरम झालं की सायलेन्सरच्या मागे, थोडं बाजूला उभं राहून फक्त ऐका.

चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला चालत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा. त्यातला एक मेला असेल तर तेवढीच वेळा लयीत एक खड्डा पडतो. तीन ठोके आणि एक रिकामी जागा, तीन ठोके आणि एक रिकामी जागा. असं ठोका चुकणं म्हणजे मिसिंग, आणि हे मिसिंग ठरावीक असतं, तालात असतं. असं ऐकू आलं तर एका विशिष्ट सिलिंडरचा दोष आहे असं धरा: प्लग, त्याची वायर, किंवा त्याचा टॅपेट.

याउलट इंजिन कधी इकडे कधी तिकडे अडखळतंय, आरपीएम चढतोय-उतरतोय, ठोक्याला ताल नाही, असं असेल तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामाईक आहे: हवेची गळती, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मिश्रण, पॉइंट किंवा कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग).

एक जुनी युक्ती सांगतो. हातभर लांब कागदाची पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर धरा. निरोगी इंजिन ती एकसारखी बाहेर ढकलत राहतं. मिसिंग असेल तर पट्टी मध्येच लटकी पडते. आणि पट्टी मधूनच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची दाट शंका घ्या.

आता रेस देऊन पाहा. आरपीएम वाढवल्यावर थरथर जवळजवळ नाहीशी होत असेल तर संशय हवेच्या गळतीवर किंवा आयडलच्या जेटवर, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक भोकावर. उलट चढावर, जोर लावताना गाडी जास्तच अडखळत असेल तर संशय ठिणगीवर.

डोळ्यांनी शोध

इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन एकेक गोष्ट पाहा. एअर फिल्टरच्या डब्याखालची नळी सुटली आहे का? डबा परत बसवताना ती खालच्या बाजूने निसटते आणि वरून दिसतच नाही. माझ्या अनुभवात ट्यून-अपनंतरच्या थरथरीची सर्वांत जास्त सापडलेली दोन कारणं म्हणजे ही सुटलेली नळी आणि नीट न बसलेली प्लगची वायर. डब्याच्या मधला नट फार आवळला तर काही गाड्यांत कार्बोरेटरचं तोंड वाकतं आणि चोकची झडप अर्धवट अडकून राहते. तीही बोटाने हलवून पाहा. डिपस्टिक पूर्ण आत आहे का, ऑइलचं झाकण नीट बसलंय का, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या दोन्ही क्लिपा लागल्यात का, कॉइलवरच्या (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागावरच्या) बारीक तारा घट्ट आहेत का. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याचदा शोध इथेच संपतो.

कोणता सिलिंडर मेलाय

ठोका तालात चुकत असेल तर आता त्या सिलिंडरचा नंबर काढायचा. इंजिन आयडलला ठेवा आणि एका वेळी एका सिलिंडरची ठिणगी बंद करा. पॉइंटच्या जुन्या गाडीत इन्सुलेशन असलेल्या पकडीने वायर प्लगवरून उचलता येते, पण उचललेली वायर इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. मोकळी सोडलेली ठिणगी कॅप किंवा कॉइल फोडून वाट काढते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत इंजिन बंद करून वायर काढा, ती अर्थ करा आणि मग सुरू करा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर कॉइलचा कनेक्टर काढला की झालं.

चांगल्या सिलिंडरची ठिणगी काढली की इंजिन आणखी खचतं. ज्याची काढली तरी काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. एवढंच तत्त्व आहे. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) असेल तर प्रत्येक चाचणी काही सेकंदांतच उरका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. याच कारणासाठी मिसिंग करणारी गाडी ‘बघू नंतर’ म्हणून दिवसेंदिवस चालवत राहू नका.

प्लग आणि वायरी

इथे जरा थांबून काम करायला हवं, कारण दोष इथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

आधी वायरी. प्रत्येक वायर प्लगवर दाबताना बारीकसा ‘टक’ जाणवला पाहिजे. रबराचं बूट खाली आलेलं दिसतं, पण आतली धातूची क्लिप प्लगच्या टोकावर चढलेली नसते, असं फार वेळा होतं. कॅपच्या बाजूचं टोकही तसंच तपासा. वायर काढताना बूट न धरता वायरच ओढली असेल तर आतला कार्बनचा गाभा तुटू शकतो. बाहेरून ती धडधाकट दिसते. मल्टिमीटर असेल तर रोधन मोजा. कार्बन गाभ्याच्या वायरीचं रोधन काही हजार ओहम असतं आणि लांबीप्रमाणे वाढतं. एखादी वायर बाकीच्यांच्या अनेक पट दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तर ती बाद.

मग क्रम. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असतो, काहींचा १-२-४-३, आणि ओळीतल्या सहा सिलिंडरांचा सहसा १-५-३-६-२-४. तुमच्या गाडीचा कोणता ते मॅन्युअलमध्ये किंवा बऱ्याचदा इंजिनवरच कोरलेलं असतं. वायरी कॅपवर या क्रमाने, रोटर (कॅपखाली फिरणारा भाग) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने लागल्या पाहिजेत. रोटरची दिशा समजायला कॅप काढा आणि कुणाला तरी स्टार्टर क्षणभर मारायला सांगा. आता पहिल्या नंबरची जागा शोधायची. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, इंजिन पान्याने हळू फिरवा, अंगठ्याला आतून दाब जाणवला की पुलीवरची खूण शून्यावर आणा. या वेळी रोटर ज्या टोकाकडे तोंड करून आहे ते पहिल्या सिलिंडरचं. दोन वायरींची अदलाबदल झाली असेल तर इंजिन दोनच सिलिंडरांवर कसंबसं चालतं आणि कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके फुटतात. पुढच्या वेळी एक वायर काढा, तो प्लग बदला, वायर लावा, मगच दुसरी काढा. मग क्रम चुकायला जागाच राहत नाही.

आता प्लग काढून शेजारी शेजारी मांडा, सिलिंडरच्या क्रमानेच. नवा प्लग थोड्या चालण्यानेही बरंच सांगतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे ठिणगी पडतच नाहीये. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल आत शिरतंय, आणि तो दोष ट्यून-अपच्या आधीचा आहे. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त. किंवा प्लगचा हीट रेंज, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, चुकलाय.

गॅप फीलर गेजने स्वतः मोजा. खोक्यावर ‘आधीच गॅप केलेला’ असं लिहिलेलं असलं तरी मोजा; वाहतुकीत एखादा प्लग पडलेला असतो आणि त्याचं टोक दबून जातं. पॉइंटच्या गाड्यांना साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बऱ्याचदा १.० ते १.१. नेमका आकडा मॅन्युअलचा.

चिनी मातीला गेलेला केसासारखा तडा मात्र सहज दिसत नाही. एकदा माझे दोन दिवस याच तड्याने खाल्ले. प्लग नवा, गॅप बरोबर, वायर बरोबर, तरी तिसरा सिलिंडर मेलेला. पाना तिरका बसून चिनी मातीला चीर गेली होती, आणि ठिणगी आत न जाता बाहेरूनच इंजिनच्या अंगावर उतरत होती. ती सापडली अंधारात. रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडा आणि इंजिन चालू करून पाहा: कुठे निळसर ठिणगी बाहेर उडते का, वायरीभोवती झगमग दिसते का. वायरींवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर गळती आणखी स्पष्ट होते. या वेळी कशालाही हात लावू नका.

प्लग परत बसवताना तो आधी हाताने फिरवत न्या, म्हणजे आटे चुकणार नाहीत. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा; वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग फेऱ्याचा सोळावा भाग, त्याहून जास्त नाही.

पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग

तुमच्या गाडीत पॉइंट नसतील तर हा भाग वाचून सोडून द्या. फक्त टायमिंगचं तेवढं पाहा.

नव्या पॉइंटच्या टोकांवर गंज लागू नये म्हणून बारीक तेलाचा थर दिलेला असतो. तो न पुसता बसवले की ठिणगी अशक्त पडते. कोरड्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून दोन-तीनदा ओढा. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, आणि तो मोजायचा तो पॉइंटची टाच कॅमच्या उंच भागावर असताना. ड्वेल, म्हणजे पॉइंट जितका कोन बंद राहतात तो, मोजणारा ड्वेल मीटर असेल तर उत्तमच. चार सिलिंडरला ड्वेल बहुधा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो.

इथे नवशिक्याला हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढवला तर टायमिंग पुढे जातं, कमी केला तर मागे पडतं. म्हणून आधी पॉइंट, नंतर टायमिंग. उलट क्रमाने केलं असेल, किंवा पॉइंट बदलून टायमिंग तपासलंच नसेल, तर थरथरीचं कारण बहुधा सापडलं.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावण्याआधी इंजिन गरम करा, आयडल मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, आणि मॅन्युअल सांगत असेल तर डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा. तोंड बंद करायचं विसरू नका, नाहीतर तीच हवेची गळती होते. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट थोडा ढिला करून खूण जागेवर आणा, आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा पाहा. आवळताना तो हमखास थोडा सरकतो. टायमिंग मागे पडलेलं असेल तर आयडल मंद, जड आणि इंजिन लवकर तापणारं. फार पुढे असेल तर स्टार्टर अडकल्यासारखा आणि जोर लावताना टिकटिक.

पॉइंट उघडताना मोठी पांढरी-निळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. तो नवा असला तरी. जुना कंडेन्सर परत लावा. थरथर गेली तर तो नवा भाग बदलून घ्या.

फुकटची हवा

आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन तेव्हा जेमतेम श्वास घेत असतं, आणि कार्बोरेटर त्या मोजक्या हवेपुरतंच पेट्रोल देत असतो. अशा वेळी पेन्सिलएवढ्या जाडीच्या सुटलेल्या नळीतून शिरणारी हवाही मिश्रणाचा पार तोल घालवते. जोरात रेस दिली की इंजिन एवढी हवा घेतं की ती गळती त्यात बुडून जाते. म्हणूनच हवेची गळती आयडललाच छळते.

सुटलेल्या नळीची शिट्टीसारखी सूं सूं ऐकू येते. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक इंजिनवर फिरवा, आवाजाची जागा नेमकी कळते. मग एकेक व्हॅक्यूम नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने चिमटून बंद करा. एखादी बंद केल्यावर इंजिन एकदम सुधारलं तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात आहे. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका. इंजिन आयडलला असताना ब्रेक दाबून धरा. थरथर स्पष्ट वाढली तर बूस्टरचा पडदा किंवा त्याची नळी गळते आहे. तसं असेल तर आयडलची काळजी नंतर, आधी ब्रेक.

मॅनिफोल्डच्या किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून गळती असेल तर सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरी आणि डिस्ट्रिब्युटर सांभाळून. पाणी भेगेतून ओढलं गेलं की क्षणभर आयडल बदलतो. बरेच मेकॅनिक यासाठी कार्ब क्लीनर फवारतात, आणि त्याचा परिणाम जास्त ठळक असतो हे खरं. पण तो द्रव पेट घेणारा आहे, खाली तापलेलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतं. नव्या माणसाने तो वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर जरूर जोडा. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि सुई स्थिर राहते. उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. सुई स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. तालात झटका मारत असेल तर एखादा सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह. संथपणे मागे-पुढे डोलत असेल तर मिश्रण.

आता कार्बोरेटरकडे या

ठिणगी, टायमिंग, हवा तिन्ही ठीक असल्याची खात्री झाली, तरच. पेट्रोल फिल्टर बदलताना नळीतला गाळ सुटतो आणि आयडलच्या जेटमध्ये जाऊन बसतो. त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. जेट काढून हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

मिश्रणाचा स्क्रू आता फिरवायचा. आधी तो किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहा: हळूच आत फिरवत, टेकेपर्यंत. आवळू नका, टोकाला खाच पडली की तो स्क्रू कधीच नीट काम करत नाही. सुरुवातीला दीड ते अडीच फेरे बाहेर ठेवा. गरम इंजिन चालू करून पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिनला स्थिरावायला काही सेकंद द्या. एका बाजूला गेल्यावर आरपीएम पडतो, दुसऱ्या बाजूला गेल्यावरही पडतो. मध्ये जिथे तो सर्वांत उंच आणि गुळगुळीत असतो ती जागा पकडा. मग आयडलच्या स्क्रूने वेग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर जेट किंवा त्याची वाट बंद आहे, नाहीतर पेट्रोल दुसऱ्याच वाटेने जातंय.

फ्युएल इंजेक्शनची जुनी गाडी

ठिणगीचं सगळं तसंच. फरक हवेत आहे. एअर फिल्टरपाशी हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याच्या आणि थ्रॉटलच्या मधली रबरी नळी नीट बसलेली हवी. तिथे चीर असेल तर न मोजलेली हवा आत जाते. अशा गाडीत सैल डिपस्टिक किंवा उघडं ऑइलचं झाकणही थरथर आणू शकतं. सेन्सरचा कनेक्टर परत लावला होता ना? तेल लावायचा फिल्टर बसवला असेल तर ते तेल सेन्सरच्या तारेवर बसतं.

थ्रॉटल बॉडी साफ केली असेल किंवा बॅटरी काढली असेल तर कॉम्प्युटरने शिकून ठेवलेला आयडल जुळत नाही किंवा पुसला जातो. काजळीने अडलेल्या हवेचा हिशेब धरून त्याने आयडल बसवलेला असतो; काजळी गेली की हवा जास्त येते. काही गाड्या थोड्या चालवल्या की पुन्हा शिकतात, काहींना मॅन्युअलमधली ठरावीक क्रिया करावी लागते. विजेवर चालणारी थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका.

ओबीडी-२ (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचण्याची सोय) असेल तर कोड वाचा. पी-०३०१ ते पी-०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग, पी-०३०० म्हणजे ठरावीक नसलेलं, पी-०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पी-०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी-०३०३ झाला तर दोष कॉइलचा.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

ट्यून-अपमध्ये टॅपेट केले असतील आणि एक सिलिंडर मेला असेल तर गॅप पुन्हा मोजा. कमी गॅप असला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दाब गळतो. खडखडणारा टॅपेट कानाला त्रास देतो, गप्प बसलेला घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असताना पहिल्याचे करायचे, आणि पहिल्याचे हलताना चौथ्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी तशीच.

तेही बरोबर निघालं तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तीच्या पाऊणपटीच्या खाली नसावा. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन कमी असतील तर बहुधा हेड गॅस्केट. अशा वेळी दोष ट्यून-अपचा नव्हता, तो आता नजरेला आला इतकंच. कागदावरचे आकडे घेऊन चांगल्या मेकॅनिककडे जा.

मिसिंग नाही, तरी थरथर

कधी सगळं बरोबर निघतं. कागदाची पट्टी स्थिर, सुई स्थिर, तरी गाडीचं अंग थरथरतं. तेव्हा इंजिनच्या माउंटिंगची रबरं पाहा. भेगाळलेली किंवा बसलेली असतील. ट्यून-अपमध्ये आयडल शंभरेक आरपीएमने खाली आणला असेल तर दमलेली रबरं तिथे थरथर अडवू शकत नाहीत. वेग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा आणि फाटलेली रबरं बदला.

आणि पॉइंटची गाडी असेल तर पाचशे-हजार किलोमीटरनंतर एकदा कॅप उघडा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला थोडी झिजून बसते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं. गॅप पुन्हा करा, त्यानंतर टायमिंग पाहा.